गणपतीच्या रंगकामाचा छोटा कॉम्प्रेसर: मोटर हूं करून थांबते, गनमधून पाणी येतं. हा आतून चालतो तरी कसा?

मूर्तिकार, नंदगड

नमस्कार मंडळी. मी नंदगडचा, तालुका खानापूर. आमच्या घरात वडिलांपासून शाडूच्या गणपतीचं काम चालतं. घरामागं पत्र्याचं शेड आहे, तिथंच माती मळणं, साचे, फिनिशिंग आणि रंग सगळं होतं. पूर्वी रंग ब्रशनं व्हायचा, आता अंगाचा रंग आणि पितांबर स्प्रेनं मारतो, डोळे तेवढे हातानं.

बेळगावातल्या एका फर्निचर पॉलिशवाल्याकडून जुना कॉम्प्रेसर घेतलाय. १ एचपी, सिंगल फेज, एका सिलिंडरचा, पट्ट्यावर चालणारा, खाली ४५ लिटरची टाकी. प्लेटवरचं बरंचसं पुसलंय, २.८ सीएफएम आणि ८ किलो (म्हणजे चौरस सेंटिमीटरला ८ किलो दाब) एवढं वाचता येतं.

त्रास दोन आहेत. टाकी रिकामी असताना बटण दाबलं की मस्त चालतो, काटा ८ वर गेला की आपोआप बंद होतो. रंग मारत गेलो की काटा खाली येतो, साडेपाचला प्रेशर स्विच (टाकीतल्या दाबावर मोटर चालू-बंद करणारा) ‘टक’ करतो, आणि मोटर नुसती हूंऽऽ करायली. पुली जागची हलत नाही. चार-पाच सेकंदांत एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) पडतो. टाकीतली सगळी हवा सोडून दिली की परत काहीच झालं नाही असा चालू. कुणी म्हणतं कंडेन्सर गेला, कुणी म्हणतं वायंडिंग, कुणी म्हणतं हेडच बदल.

दुसरा त्रास पाण्याचा. दीड फुटी मूर्तीच्या गालावर अंगाचा रंग मारत होतो, शेवटचा हात होता, आणि गन थुंकल्यासारखी झाली. रंगात एक थेंब पडून गोल पांढरा डाग उठला, आणि तिथली माती ओली होऊन खालचा सफेदाच (पांढरा अस्तर) सुटला. गाल परत पॉलिश पेपरनं घासून पहिल्यापासून करावा लागला. सध्या आमच्याकडं पाऊस थांबायचं नाव नाही, त्यामुळं हे रोजचंच झालंय.

पार्ट बदलायला माझी ना नाही. पण कुठला पार्ट काय काम करतो ते समजल्याशिवाय पैसे घालायचे नाहीत असं ठरवलंय. हवा आत कुठनं जाते, दाबली कशी जाते, थांबते कशी, हे कुणीतरी नीट सांगा. मशीन शेडमध्येच आहे, घरातल्या मीटरपासून साधारण ३० मीटर वायर ओढून करंट घेतलाय.

गॅरेजवाला, निपाणी

भाऊ, आमच्या दुचाकी गॅरेजमध्ये असंच व्हायचं. प्रेशर स्विचच्या वरच्या नटनं कट-ऑफ, म्हणजे मोटर बंद व्हायचा दाब, कमी करा, ४ किलोवर ठेवा. मोटरला जोर लागत नाही. कंडेन्सर नवा घाला, फार महाग नसतो. आणि टाकीखालचा कॉक रोज उघडत जा.

जुना फिटर, अनगोळ

मूर्तिकार, प्रश्न विचारलात तो योग्य विचारलात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्समध्ये माझं आयुष्य गेलं, आता घरीच अनगोळला छोटे कॉम्प्रेसर उघडून दुरुस्त करतो. माझ्याकडं येणाऱ्या मशीनमध्ये निम्म्या अशा असतात की बिघाड एका बारीक नळीत असतो आणि बदललेलं असतं भलतंच. तेव्हा कुठलाही स्पॅनर हातात घ्यायच्या आधी हवेचा रस्ता डोळ्यांपुढं आणा.

वर हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाच्या, बाजूला गोल फिल्टरचा डबा आहे, हवा तिथनं आत शिरते. मोटर पट्ट्यानं मोठी पुली फिरवते, पुलीबरोबर क्रँकशाफ्ट फिरतो, आणि कनेक्टिंग रॉडमुळं पिस्टन वर-खाली होतो. इथवर स्कूटरच्या इंजिनासारखंच. फरक एवढा की इथं स्पार्क नाही, पेट्रोल नाही, आणि व्हॉल्व्ह उघडायला कॅमही नाही. सिलिंडर आणि हेड यांच्या मधे एक जाड प्लेट बसते, तिला व्हॉल्व्ह प्लेट म्हणतात. तिच्यावर पातळ स्प्रिंग स्टीलच्या पत्त्या असतात, एक आत घेणारी, एक बाहेर सोडणारी. त्यांना कुणी उघडत नाही, हवाच उघडते. पिस्टन खाली गेला की सिलिंडरमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, बाहेरची हवा आतली पत्ती वाकवून शिरते. पिस्टन वर यायला लागला की ती पत्ती चिकटून बसते आणि हवा कोंडते. कोंडलेल्या हवेचा दाब टाकीकडच्या दाबापेक्षा थोडा जास्त झाला की दुसरी पत्ती वाकते आणि हवा तांब्याच्या नळीतनं टाकीकडं जाते.

याचा अर्थ असा की टाकीत २ किलो असेल तर पिस्टनला २ च्या वर दाबावं लागतं, ७ किलो असेल तर ७ च्या वर. मशीन एकच, पण काम टाकी ठरवते. तुमचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर धरला तर पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटिमीटर. टाकी रिकामी असताना पिस्टनवर काही नाही. टाकीत साडेपाच किलो असताना त्याच पिस्टनला शंभर किलोच्या वर वजन ढकलायचं असतं. फिरत्या मशीनला ते जमतं, कारण जड पुलीचा जोर पाठीशी असतो. उभ्या मशीनला पहिल्याच फेरीत ते करायला लावलं तर सिंगल फेज मोटर हूं करणारच.

म्हणून बनवणाऱ्यानं एक सोय करून ठेवलेली असते. तांब्याची नळी टाकीला जिथं मिळते तिथं पितळेचा एनआरव्ही आहे, म्हणजे हवेला टाकीत जाऊ देणारा पण परत येऊ न देणारा व्हॉल्व्ह. त्याच्या अंगातनं एक बारीक नळी निघून वर प्रेशर स्विचच्या पोटाशी जाते. तुमच्याकडं ती प्लॅस्टिकची असेल नाहीतर ॲल्युमिनियमची. स्विचनं मोटर बंद केली की त्याच झटक्यात स्विचखालची एक छोटी पिन दाबली जाते, आणि हेड व तांब्याच्या नळीत अडकलेली हवा या बारीक नळीतनं फुस्स करून बाहेर पडते. टाकीतली हवा एनआरव्ही धरून ठेवतो. आता पुढच्या वेळी मोटर चालू होताना नळी रिकामी असते, पहिल्या काही फेऱ्या हलक्या जातात, पुली गती पकडते आणि मग ओझं येतं. या व्यवस्थेला अनलोडर म्हणतात.

तुमचं मशीन रिकाम्या टाकीवर चालतं आणि साडेपाचवर अडतं, तेव्हा माझा पहिला संशय अनलोडरवर आहे. हेडला आत्ताच हात लावू नका. टाकी ८ पर्यंत भरू द्या, मशीन आपोआप बंद होताना शेजारी उभे राहा आणि कान द्या. दोन-तीन सेकंद फुस्स होऊन आवाज थांबला तर अनलोडर ठीक. फुस्स झालाच नाही तर पिन दबत नाही किंवा बारीक नळी तुंबलीय. फुस्स सुरू होऊन थांबतच नसेल, बारीक शिट्टीसारखा चालू राहून काटा हळूहळू उतरत असेल, तर एनआरव्हीची आतली चकती बसत नाही, टाकीतली हवा मागं येतेय. मीटर नाही, गेज नाही, कानावर एवढं कळतं.

आणखी एक. मशीन बंद करताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करू नका, प्रेशर स्विचचीच खिट्टी किंवा लाल बटण वापरा. भिंतीवरून बंद केलं तर पिन दबत नाही आणि हवा हेडमध्ये कोंडून राहते. चालू असताना लाईट गेली तरी तेच होतं. लाईट परत आली की मोटर भरल्या हेडवर सुरू व्हायला बघते. तेव्हा लाईट गेली की आधी स्विचची खिट्टी बंद, फुस्स होऊ द्या, लाईट आल्यावर चालू.

काही उघडायचं झालं तर आधी प्लग काढा आणि टाकी पूर्ण शून्यावर आणा. काटा शून्यावर दिसला तरी खालचा कॉक उघडाच ठेवा. एनआरव्ही भरल्या टाकीवर सोडवायला जाऊ नका, तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

वायंडिंगवाला, संकेश्वर

फिटर काकांनी हवेचं सांगितलं, मी करंटचं सांगतो. मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कंडेन्सर पूर्ण गेला असता तर रिकाम्या टाकीवरही मोटर स्वतःहून उचलली नसती. ती उचलते, म्हणजे कंडेन्सर आहे. थोडा उतरला असेल, ते मीटर लावून बघता येतं, पण तो पहिला आरोपी नाही.

मला खटकली ती ३० मीटरची वायर. किती स्क्वेअरची आहे? १ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना साडेसहा-सात अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या चार-पाचपट, ३० च्या आसपास. १ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर असेल तर जायला ३० आणि यायला ३० मिळून ६० मीटर झाली, तिचा रोध १ ओहमच्या थोडा वर. ३० अँपिअरला सरळ ३२-३३ व्होल्ट वायरमध्येच गेले. तुमच्याकडं संध्याकाळी घरातच २१० मिळत असतील तर मोटरपाशी १८० सुद्धा उरत नाहीत. आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. २३० ला जेवढा जोर, त्याच्या साठ टक्केच १८० ला. शेतातल्या पंपांच्या वेळेला तर बघायलाच नको.

२.५ स्क्वेअरची वायर टाका, तीच घट १३ व्होल्टवर येईल. वायर लांब आहे म्हणून गुंडाळी करून खिळ्याला टांगून ठेवू नका, गुंडाळीत ती तापते. अर्थिंगची तिसरी तार शेडपर्यंत हवीच. खाली ओली माती, हातात धातूची गन. तिथं तडजोड नको.

एमसीबी मोठा बसवायचा सल्ला कुणी देईल, तो मात्र ऐकू नका. हूं करत उभ्या राहिलेल्या मोटरला तोच वाचवतोय.

मूर्तिकार, नंदगड

काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणं मशीनपाशी उभा राहिलो. फुस्स अजिबात नाही. मोटर बंद, आणि एकदम शांत. एवढे दिवस त्या शांततेत काही कमी आहे हे कानाला कळायचं कारणच नव्हतं.

प्लग काढला, टाकी रिकामी केली, बारीक नळी दोन्हीकडनं सोडवली. प्लॅस्टिकची पांढरी नळी, स्विचकडची बाजू साफ. एनआरव्हीकडच्या पितळी नटात काळं चिकट काहीतरी घट्ट बसलेलं, डांबरासारखं, त्यात शाडूची पांढरट पूडही कालवलेली. नळी तोंडानं फुंकली तर गाल फुगले, पण हवा जाईना. सायकलच्या तारेनं ते काढलं, नट रॉकेलनं धुतला, नळीचा गरम होऊन कडक झालेला तुकडा कापून टाकला आणि परत बसवली. आता ८ वर थांबताना फुस्स असा आवाज येतो की शेजारचं मांजर पळालं.

साडेपाचवरनं दिवसा व्यवस्थित उचलतो. संध्याकाळी सातनंतर मात्र अजून कधीकधी रेंगाळतो, पट्टा एकदा चीं करतो आणि मग फिरतो. वायर १ स्क्वेअरचीच निघाली. वायंडिंगवाले दादा, तुमचं बरोबर, २.५ ची आणायला सांगितलीय.

आता पाण्याचं सांगा. कॉक रोज उघडतो, गढूळ पाणी निघतं. गनच्या अलीकडं काचेच्या वाटीचा फिल्टर लावायचा म्हणतोय, तो टाकीच्या आउटलेटलाच बसवू का? आणि ते काळं चिकट काय होतं? दुसरं म्हणजे सफेदा मारायची मोठी गन घेतली की काटा झपाझप खाली येतो, मशीन थांबतच नाही. २.८ सीएफएम म्हणजे नक्की किती?

जुना फिटर, अनगोळ

चांगलं झालं. ते काळं म्हणजे जळकं ऑइल. पिस्टनखाली क्रँककेसमध्ये ऑइल असतं, रॉडची शेपटी ते उडवते, पिस्टनच्या रिंगा त्यातलं बहुतेक खरवडून खाली ठेवतात, थोडं वर जातंच. वर उष्णता भयंकर असते. २३ अंशांची हवा ८ किलोपर्यंत दाबली आणि तिच्यातली उष्णता अजिबात बाहेर गेली नाही असं धरलं, तर हिशेबानं ती २८० अंशांच्या आसपास जाते. सिलिंडरवरच्या पंखांमुळं आणि पुलीच्या आऱ्यांच्या वाऱ्यामुळं प्रत्यक्षात एवढी तापत नाही, पण तांब्याच्या नळीला हात लावाल तर फोड येईल. ऑइल तिथं भाजून काजळी होतं, त्यात तुमची शाडूची धूळ. म्हणजे फिल्टरचा फोम तुंबलाय किंवा फाटलाय, तो आधी बघा. मशीन शक्यतो माती आणि रंगापासून लांब, पत्र्याच्या आडोशाला पण मोकळ्या हवेत ठेवा, भिंतीपासून फूटभर तरी सुटं. पुलीवर किंवा गार्डवर बाण असतो, पुली त्याच दिशेनं फिरते का तेही बघा. उलटी फिरली तरी हवा भरते, पण वारा हेडवर येत नाही आणि ऑइल जळतं. सेकंडहँड मशीनची मोटर कुणी भरून घेताना दिशा उलटी झालेली मी पाहिलीय.

ऑइल काचेच्या मध्यापर्यंतच ठेवा. गाडीचं इंजिन ऑइल घालू नका. त्यातली औषधं पाण्याला धरून ठेवतात आणि काजळीही जास्त करतात. कॉम्प्रेसरचं वेगळं ऑइल मिळतं, ६८ किंवा १०० ग्रेडचं, बनवणाऱ्यानं सांगितलं असेल ते घ्या. काचेत दुधासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय, बदला. रंगात गोल खड्डे पडून रंग मागं सरकलेला दिसला तर तो पाण्याचा दोष नव्हे, ऑइलचा. रिंगा झिजल्याची ती खूण.

आता पाणी. हे पाणी कुठनं गळत नाही, ते हवेतनंच येतं. आपल्याकडं पावसाळ्यात २२-२३ अंशाला हवा जवळजवळ पूर्ण ओली असते, खानापूर-जांबोटीकडं तर बोलायलाच नको. अशा १००० लिटर हवेत साधारण १८ ग्रॅम पाणी वाफ होऊन असतं. ती हवा ८ किलोला, म्हणजे वातावरणाचा दाब धरून ९ पट, दाबली की तिचे ११० लिटर होतात, आणि त्याच तापमानाला ११० लिटर हवा, दाब कितीही असो, सव्वादोन ग्रॅमच वाफ धरू शकते. उरलेलं १६ ग्रॅम पाणी बाहेर पडणारच, ओलं फडकं पिळल्यासारखं. तुमचा पंप तासभर सलग चालला तर साधारण ५० मिलिलिटर पाणी टाकीत आणि पाईपमध्ये जमणार. मशीन नवं घ्या, महागाचं घ्या, तेवढंच जमणार.

पण हे पाणी एकदम पडत नाही, हवा गार होईल तसं पडतं. टाकीतनं निघताना हवा कोमट असते, विशेषतः मशीन सलग चालत असताना. म्हणून आउटलेटलाच फिल्टर लावला तर त्यातनं वाफ तशीच पुढं जाते, आणि पुढच्या पाईपमध्ये गार होऊन गनपाशी थेंब बनते. फिल्टर फक्त थेंब पकडतो, वाफ पकडत नाही. तेव्हा टाकीपासून आठ-दहा मीटर पाईप आधी जाऊ द्या, भिंतीवरनं उताराचा, सगळ्यात खालच्या जागी एक छोटा कॉक. त्याच्या पुढं, तुम्ही बसता तिथल्या भिंतीवर, छातीच्या उंचीला फिल्टर. आणि फिल्टरच्या पुढं दाब उतरवणारा रेग्युलेटर. हा क्रम उलटा करायचा नाही, कारण सगळी गंमत तिथंच आहे. ८ किलोला गच्च ओली असलेली हवा थेंब काढून टाकल्यावर २ किलोवर उतरवली की ती पसरते आणि एकदम कोरडी होते. वातावरणाचा दाब धरून ९ चे ३ झाले, म्हणजे ओलावा शंभर टक्क्यांवरनं तेहतीस टक्क्यांवर. रेग्युलेटरच्या पुढं मग थेंब बनायला वावच राहत नाही.

निपाणीच्या भाऊंनी ४ किलोवर ठेवा म्हटलं. मोटरपुरतं ते खरं आहे. पण रंगासाठी बघा, ४ किलोला म्हणजे ५ पटच दाबली हवा, ती २ किलोवर आणली तर ओलावा साठ टक्के राहतो. जास्त दाबा, पाणी तिथंच काढा, मग उतरवा. पावसाळ्यातल्या गणपतीच्या रंगाला हाच उपाय, आणि त्याला फिल्टर, रेग्युलेटर आणि पाईप सोडून काही विकत घ्यावं लागत नाही. पाईप पाण्याचा पीव्हीसी वापरू नका, तो दाबाखाली तडकला की काचेसारखे तुकडे उडतात. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पाईप घ्या.

सीएफएमचं. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. ५० बोअर, ५० स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) धरला तर पिस्टन एका फेरीत ९८ घनसेंटिमीटर जागा कापतो. पुली मिनिटाला ८०० फिरत असेल तर ७८ लिटर, म्हणजे २.८ सीएफएम. तुमच्या प्लेटवरचा आकडा हाच आहे, पिस्टननं कापलेली जागा. तेवढी हवा बाहेर येत नाही. पिस्टन अगदी वर गेला तरी हेडखाली थोडी फट राहते, त्या फटीत ८ किलोची हवा अडकते, आणि पिस्टन खाली येताना आधी तीच पसरते. ती पसरून होईपर्यंत आतली पत्ती उघडत नाही. फट नुसती चार टक्के असली तरी ८ किलोला स्ट्रोकचा सहावा हिस्सा यातच जातो. वर गरम सिलिंडरमुळं हवा फुगते, रिंगांतनं थोडी निसटते. हातात येतात मिनिटाला ५५ लिटर, पावणेदोन-दोन सीएफएम. शिवाय बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, इथली हवाच कोकणातल्यापेक्षा सात-आठ टक्के विरळ. तो फरक छोटा आहे, पण आहे.

चेहरा आणि दागिन्यांची एअरब्रश मिनिटाला १५-२० लिटर खाते, तिला हे मशीन पुरून उरतं. सफेद्याची मोठी गन २ किलोला १०० ते १५० लिटर मागते. १२० धरा. टाकीत ८ पासून ३ किलोपर्यंत वापरायला २२५ लिटर हवा आहे. गन १२० खाते, पंप ५५ भरतो, दर मिनिटाला ६५ चा तोटा, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आतच संपली. मशीन बिघडलेलं नाही. मोठ्या मूर्तीला सफेदा मारताना एक बाजू झाली की थांबा, मूर्ती फिरवा, काटा ७ च्या वर येऊ द्या, मग दुसरी बाजू. अधेमधे थांबल्यानं टाकी गारही राहते आणि पाणी टाकीतच पडतं.

गॅरेजवाला, निपाणी

आमच्याकडं टायरलाच हवा, त्यात थोडं पाणी गेलं तर कळतही नाही, म्हणून ४ वर भागतं. रंगाला काका सांगतात तसंच करा.

माझा पण एक प्रश्न आहे काका. आमच्या टाकीच्या बुडाला वेल्डिंगच्या शेजारी तांबूस ओल आलीय, साबणाचं पाणी लावलं तर बारीक फेस येतो. एम-सील लावून चालेल का, की वेल्डिंग मारून घेऊ?

जुना फिटर, अनगोळ

भाऊ, दोन्ही नाही. मशीन आजच बंद करा, टाकीतली हवा सोडा आणि कॉक उघडा ठेवा.

टाकी आतनं गंजते, बुडाला, जिथं पाणी साचतं तिथंच. बाहेर ओल दिसली म्हणजे आजूबाजूचा पत्राही पातळ झालाय, दिसत नाही एवढंच. तीस सेंटिमीटर व्यासाच्या टाकीच्या एका झाकणाचं क्षेत्रफळ सातशे चौरस सेंटिमीटर, ८ किलोला त्या एका झाकणावर साडेपाच टनांचा जोर असतो. तुमचं ४ किलो असलं तरी पावणेतीन टन. पाणी भरलेलं भांडं फुटलं तर नुसतं गळतं, दाबलेली हवा फुटली की पसरते आणि पत्रा घेऊन जाते. पातळ पत्र्यावर वेल्डिंग मारलं तर शेजारचा पत्रा आणखी कमजोर होतो. ती टाकी गेली असं समजा. मोटर आणि वरचा पंप चांगला असेल तर तेवढं उतरवून दुसऱ्या टाकीवर बसवता येतं.

मूर्तिकार, तुमचीही सेकंडहँड आहे, म्हणून तुम्हालाही सांगतो. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग टाकी भरलेली असताना आठवड्यातनं एकदा ओढून बघा, हवा जोरात सुटून परत बसली पाहिजे. अडकलेली असेल तर व्हॉल्व्ह नवा घाला, आणि त्याचा नट कुणी आवळून दाब वाढवू देऊ नका. टाकीची हायड्रो टेस्ट करून घ्या. टाकीत पाणी गच्च भरून दीडपट, म्हणजे १२ किलो दाब देतात आणि धरून ठेवतात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं टाकी फुटली तरी नुसतं पाणी सांडतं. हायड्रोलिकचं काम करणारे उद्यमबागेत बरेच आहेत, तिथं चौकशी करा.

मूर्तिकार, नंदगड

काका, सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग आत्ताच ओढून बघितली, सुटतो आणि बसतो. बुडाला हातानं चाचपलं, कोरडं आहे, साबण पण लावून बघतो.

जीआय पाईप आमच्या गावातल्या प्लंबरकडं आहे, उद्या भिंतीवरनं उतार देऊन बसवायला सांगतो. फिल्टर-रेग्युलेटर बेळगावहून येणाऱ्या माणसाकडं वायरबरोबरच मागवला. टेस्टला टाकी न्यायची तर मशीन दोन दिवस बंद राहील, आणि आत्ता मंडळांच्या मूर्ती रंगात आहेत. तोवर कट-ऑफ ८ वरनं ६ वर आणून चालवू का? तेवढ्यानं पाण्याचा हिशेब फार बिघडेल का?

जुना फिटर, अनगोळ

६ ला ७ चे ३, म्हणजे ओलावा त्रेचाळीस टक्के. चालेल. बूड कोरडं आहे आणि साबणाला फेस आला नाही तर ६ वर ठेवून मंडळांच्या मूर्ती उरका. फेस आला तर मात्र ब्रशनं रंगवा. चतुर्थी झाली की टाकी टेस्टला आणा, त्याच वेळी व्हॉल्व्ह प्लेटही उघडून पत्त्या बघून घेऊ.